रिमोटच्या गाडीचा 'पंच' म्हणजे काय?



मागच्या महिन्यात पाचवीतला एक मुलगा मामाने दिलेली रिमोटची गाडी शाळेत घेऊन आला. ट्रिगरला बोट लागायचा अवकाश, गाडी उसळून थेट व्हरांड्याच्या खांबावर! बंपर तुटला. जवळ उभी असलेली पहिलीतली मुलगी थोडक्यात वाचली. "सर, हिचा स्पीड कमी करा ना," तो रडवेला होऊन म्हणाला. पण अडचण स्पीडची नव्हती, गाडी किती झटक्यात उचल घेते याची होती.

हे कसे चालते?
ट्रिगर दाबला की रिमोटचा संदेश गाडीतल्या रिसीव्हरला मिळतो. तो स्पीड कंट्रोलरकडे विजेचे छोटे स्पंद पाठवतो. साधारण 1.5 मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे 'थांब', 2 मिलिसेकंदाचा म्हणजे 'पूर्ण वेग'. त्यानुसार कंट्रोलर बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला कमी-जास्त शक्ती देतो.

मुख्य सेटिंग्ज :
1) कॅलिब्रेशन – ट्रिगर मोकळा, पूर्ण दाबलेला आणि पूर्ण ब्रेक या तीन जागा कंट्रोलरला शिकवणे. हे आधी करावे.
2) पंच – शक्ती किती झपाट्याने वाढवायची ते. माती किंवा गुळगुळीत फरशीवर पंच कमी ठेवावा, नाहीतर चाके जागीच फिरतात.
3) थ्रॉटल कर्व्ह – ट्रिगर थोडासा दाबल्यावर किती शक्ती मिळावी ते. सुरुवात मऊ ठेवली की नवशिक्याला गाडी आवरते.
4) ड्रॅग ब्रेक – ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा हलका ब्रेक.

लक्षात ठेवा, पंच कमी केल्याने कमाल वेग कमी होत नाही; तो गाठायला वेळ लागतो एवढंच. कमाल वेग कमी करायचा तर रिमोटवरची थ्रॉटल मर्यादा कमी करावी. स्वस्त कंट्रोलरमध्ये पंचची सोय बहुधा नसते. आधी माहितीपत्रक वाचा.

मुलांसाठी कृती :
मोकळ्या मैदानावर 10 मीटर अंतर आखा. पंच कमी आणि जास्त ठेवून प्रत्येकी तीन वेळा स्टॉपवॉचने वेळ मोजा, सरासरी काढा. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

काळजी :
सेटिंग करताना चाके जमिनीपासून उचललेली हवीत. आधी रिमोट चालू करा, मग गाडी; बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

आमच्या गाडीचा पंच आम्ही सर्वांत खालच्या पायरीवर आणला. आता ती खांबाजवळून वळते, आणि पहिलीची मुलं टाळ्या वाजवतात!