घरचा स्पीकर कधी बदलावा आणि कसा?

लग्नसराई आटोपते, हातात दोन पैसे खेळू लागतात आणि घराघरांत नव्या वस्तूंचा विषय निघतो. टी.व्ही., फ्रीजबरोबर आता स्पीकरचेही नाव यादीत असते. खांडबाऱ्यासारख्या गावातून चार प्रकारचा माल पाहायचा तर नंदुरबार, नाही तर थेट सुरतची गाडी धरावी लागते. इतक्या लांबून आणलेली वस्तू परत करायला सहसा कोणी जात नाही. म्हणून निम्मा निर्णय घरीच झालेला बरा. आम्ही धंद्याने कापडवाले. पण माल पारखण्याची रीत सर्व धंद्यांत एकच असते, आणि आवाजाशी कापडाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

स्पीकर शिळा होत नाही

मोबाईल चार वर्षांत मागे पडतो, तसे स्पीकरचे नाही. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला जोडलेला कोन, आणि कोन हलला की हवा हलते, ही रचना अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी घेतलेली फिलिप्सची किंवा कोलकात्याच्या सोनोडाइनची जोडी शाबूत असेल, तर ती केवळ जुनी झाली म्हणून काढू नये. नव्या पातळ डब्यापेक्षा तिचा आवाज भरदार निघणे सहज शक्य आहे.

आधी दोष शोधावा

आवाज बिघडला की ठपका स्पीकरवर येतो. पण वायर, ॲम्प्लिफायर आणि मूळ गाणे हेही त्याच साखळीतले दुवे आहेत. सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या बाजूला आपसांत बदलाव्यात. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्या मागचा आहे. पहिल्याच स्पीकरमध्ये राहिली, तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. ही तपासणी फुकट होते.

दोन्ही स्पीकर चालू असूनही ठेका पोकळ वाटत असेल, तर एकाच्या वायरी उलट्या लागल्या आहेत का ते पाहावे. एक कोन पुढे जाताना दुसरा मागे गेला की खर्जाचा आवाज एकमेकांत विरून जातो. लाल खूण लाल खुणेला जोडली की काम झाले.

कोनाच्या कडेला असलेली फोमची कडी मात्र खरोखर झिजते. उन्हाळ्याची उष्णता आणि पावसाळ्याची दमट हवा यांनी दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची कडी बरीच जास्त टिकते. कडी फाटली तर तेवढीच बदलून मिळते. वेटोळे जळले असेल तर कारागीर वेटोळे व कोन नवे बसवतात. मोठ्या शहरांत, विशेषतः मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, असे सुटे भाग मिळतात.

आणि गाणेच जुन्या कॅसेटवरचे असेल, तर नव्या स्पीकरवर त्याची सरसर उलट अधिक स्वच्छ ऐकू येईल! चांगला स्पीकर मूळ ध्वनीतले दोष झाकत नाही, उघडे करतो.

खोलीही वाजत असते

फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा अशा खोलीत आवाज आदळून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात. ताग्यांनी भरलेल्या कापडाच्या दुकानात तोच सेट अगदी मऊ व स्पष्ट वाजतो, कारण कापड आवाज पिऊन टाकते. तेव्हा आधी जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी, आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड सुती पडदा भरपूर चुण्या देऊन लावावा. सुरतचे पातळ सिंथेटिक कापड दिसायला छान, पण या कामाचे नाही. पडद्याने वरच्या सुरांचा गोंगाट कमी होतो, खर्जाची घुमट कमी होत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा.

वॉटचा हिशेब

नव्वदच्या दशकात खोक्यांवर पी.एम.पी.ओ.चे हजारांतले आकडे छापलेले असत. त्या आकड्याला कोणतेही ठरावीक माप नव्हते. विचारायचा तो आर.एम.एस. वॉट. तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम फरक कळतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणून ‘सेन्सिटिव्हिटी’ हा आकडा पाहावा. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तितक्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात. ॲम्प्लिफायर ८ ओहमचा असेल तर त्याला ४ ओहमचा स्पीकर जोडू नये. जादा करंट ओढला जाऊन तो तापतो.

दुकानात गेल्यावर

साडीचा रंग ट्यूबलाईटखाली ठरवू नये, उजेडात नेऊन पाहावा, असे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. येथेही तसेच आहे. आपल्या रोजच्या ऐकण्यातले गाणे सोबत न्यावे. दोन स्पीकर सारख्याच आवाजावर लावून घ्यावेत, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. ब्लूटूथ स्पीकर घेताना बॅटरी बदलून मिळते का ते विचारावे. बॅटरी संपली की तो स्पीकर निकामी होतो.

मग बदलावा कधी?

आमचा ठोकताळा साधा आहे. दुरुस्ती नव्या जोडीच्या निम्म्या किमतीवर जात असेल, सुटे भाग मिळतच नसतील, किंवा खोली मोठी झाल्याने जुनी जोडी पुरेशा आवाजावर फाटत असेल, तरच बदलावा. पैसे थोडे असतील तर दर वर्षी नवा डबा आणण्यापेक्षा दोन वर्षे थांबून एक चांगली जोडी घ्यावी. हप्त्यावर घेऊ नये. करमणुकीच्या वस्तूवर व्याज भरणे हा निव्वळ तोटा आहे.

घरातील वडीलधारे सारखा आवाज वाढवत असतील, तर स्पीकर बदलण्यापूर्वी त्यांचे कान तपासून घ्यावेत. वयाबरोबर आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, आणि ते कोणताही स्पीकर भरून देत नाही. शेजाऱ्याचाही हक्क आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे.

थोडक्यात, पहिला रुपया तपासणीवर, दुसरा दुरुस्तीवर, तिसरा पडदा-सतरंजीवर खर्च करावा. त्यानंतरही मन भरले नाही, तर खुशाल नंदुरबारची गाडी धरावी.