पीएच.डी. कुठे, त्याआधी कोणाकडे?

विज्ञान शाखेची पदव्युत्तर परीक्षा जवळ आली, की हुशार विद्यार्थ्यांच्या घरी एकाच विषयाची चर्चा सुरू होते : पुढे पीएच.डी. कुठे करायची? आयसर, टीआयएफआर, आयआयटी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशी नावे घेतली जातात, प्रवेश परीक्षांची माहिती जमवली जाते. मात्र पीएच.डी. कोणाच्या मार्गदर्शनाखाली करायची, हा प्रश्न बहुधा प्रवेश निश्चित झाल्यावरच सुचतो. प्रत्यक्षात उमेदीची पाच-सहा वर्षे कशी जाणार, हे संस्थेच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

प्रवेशाचे मार्ग

विज्ञानातील संशोधनासाठी सर्वांत परिचित परीक्षा म्हणजे 'सीएसआयआर-यूजीसी नेट'. रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान या विषयांत ती घेतली जाते. २०२४ पासून या परीक्षेचे गुण विद्यापीठांतील पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. ज्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजेच 'जेआरएफ', मिळत नाही, त्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. त्याखेरीज भौतिकशास्त्रासाठी 'जेस्ट' आणि अनेक संस्थांसाठी 'गेट' हे पर्याय आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यालाही थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

या परीक्षांत 'जेआरएफ' मिळण्याला वेगळे महत्त्व आहे. १ जानेवारी २०२३ पासून ही शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये झाली. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. पण रकमेपेक्षा मोलाची गोष्ट अशी, की हा पैसा विद्यार्थ्याच्या नावावर येतो. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातून वेतन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य त्या प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेले असते. जेआरएफधारकाला मार्गदर्शक निवडण्याची मोकळीक तुलनेने अधिक मिळते. ती मोकळीक वापरायची कशी, हे मात्र आधी ठरवावे लागते.

मार्गदर्शकाची पारख

येथे थोडी चौकशी फार उपयोगी पडते. भारतीय विद्यापीठांतील हजारो प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. संभाव्य मार्गदर्शकाच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध चाळले, की कामाचा दर्जा, विषयाची दिशा आणि भाषेची काळजी लक्षात येते. ते विद्यार्थी आज कोठे आहेत, त्यांना प्रबंध पूर्ण करण्यास किती वर्षे लागली आणि शोधनिबंधांत त्यांचे नाव पहिले आहे की शेवटून दुसरे, हेही पाहावे. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांची संख्या कोठेही छापलेली नसते. ती प्रयोगशाळेत सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच कळते. त्यांच्याशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलावे.

नियमांचाही आधार घ्यावा. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. प्रसिद्ध नावाभोवती गर्दी असते आणि त्या गर्दीत नवख्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यातून अर्धा तासही येत नाही, असेही घडते. उलट नुकताच रुजू झालेला तरुण अध्यापक रोज प्रयोगशाळेत भेटतो. पण त्याचे अनुदान आणि उपकरणे अजून यायची असतात. दोन्हींतला लाभ आणि तोटा तोलूनच निर्णय घ्यावा. जीवशास्त्राच्या अनेक संस्थांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग मार्गदर्शक ठरवण्याची पद्धत आहे. अशी सोय असेल, तर ती दवडू नये.

काळ आणि पैसा

नियमाने पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. प्रायोगिक विषयांत पाच वर्षे सहज जातात. जेआरएफची एकूण मुदत मात्र पाच वर्षांचीच असते. म्हणजे काम सहाव्या वर्षात गेले, तर शिष्यवृत्ती थांबलेली आणि प्रबंध अपुरा, अशी कोंडी होते. शिष्यवृत्तीची रक्कम काही महिने रखडणेही नवे नाही. सामान्य घरातील विद्यार्थ्याने हा हिशेब पहिल्याच वर्षी कुटुंबीयांसमोर मांडलेला बरा. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात; त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढली, तरी अनेक संस्थांची स्वतःची अट कायम आहे. त्या घाईत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या आहारी जाणे महागात पडते. असा निबंध पुढील प्रत्येक मुलाखतीत विद्यार्थ्याच्या नावासोबत वाचला जातो.

पदवीनंतर काय?

केवळ महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर पीएच.डी. हा एकमेव मार्ग नाही. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरेशी ठरवण्यात आली. पुढच्या पदांसाठी पीएच.डी. लागतेच. मात्र कायम पदांची भरती रखडत असल्याने राज्यात अनेक पात्रताधारक तासिका तत्त्वावर राबतात, हे वास्तव डोळ्यांआड करता येत नाही. आयआयटी आणि आयसरसारख्या संस्थांत अध्यापक व्हायचे, तर पीएच.डी.नंतरही साधारण दोन-तीन वर्षे किंवा अधिक काळ, अनेकदा परदेशात, संशोधन करावे लागते. कायम नोकरी लागेपर्यंत वयाची तिशी उलटून गेलेली असते.

अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो आणि विज्ञान शाखांत शुल्क व निर्वाहाची तरतूद अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकपदातून होते. अर्ज सहसा डिसेंबरच्या सुमारास द्यावे लागतात आणि त्यांत शिफारसपत्रांना मोठे वजन असते. जर्मनीत पीएच.डी.च्या जागा बहुधा नोकरीसारख्या जाहीर होतात.

शिफारसपत्र वजनदार व्हायचे, तर प्राध्यापकाने विद्यार्थ्याचे काम पाहिलेले असावे लागते. म्हणून पदवीच्या काळातच उन्हाळी संशोधनाचा अनुभव घ्यावा. भारतीय विज्ञान अकादमींचा उन्हाळी उपक्रम आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम त्यासाठीच सुरू झाले. दोन महिने प्रयोगशाळेत काढल्यावर फसलेला प्रयोग पुन्हा मांडण्याची चिकाटी आपल्यात आहे का, हे ज्याचे त्याला कळते. नसेल, तर औषधनिर्मिती उद्योग, पेटंट क्षेत्र, शालेय अध्यापन असे मार्ग खुले आहेत, आणि हे दोन महिन्यांत उमगणे पाचव्या वर्षी उमगण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.