किलमाल्केडर

किलमाल्केडर : आयर्लंडच्या केरी परगण्यातील एक ग्रामीण पॅरिश (चर्चच्या अधिकारक्षेत्रातील स्थानिक विभाग) व तेथील भग्न मध्ययुगीन चर्च. हे डिंगल द्वीपकल्पावर, डिंगल गावाच्या वायव्येस सु. ७ किमी. वर वसले आहे. पश्चिमेस स्मरविक उपसागर व ईशान्येस ब्रँडन पर्वत (उंची ९५२ मी.) असून हा भाग अधिकृत आयरिशभाषक प्रदेशात मोडतो. नावातील ‘किल’ या आयरिश शब्दाचा अर्थ चर्च असा होतो.

येथील मूळ मठ सातव्या शतकातील संत मेलकेदर याने स्थापिल्याची परंपरा आहे. चर्चच्या आवारातील ऑगम लिपीतील शिलालेख, दगडी छायायंत्र व मोठा क्रूस, तसेच लॅटिन वर्णमाला कोरलेली शिळा हे प्रारंभीच्या ख्रिस्ती वस्तीचे अवशेष होत. ब्रँडन पर्वताकडे जाणारा पुरातन यात्रामार्ग येथूनच जातो.

सध्याचे चर्च बाराव्या शतकातील असून रोमनेस्क शैलीत बांधलेले आहे. आतील भिंतींवरील अर्धस्तंभांच्या रचनेवर कॅशेल येथील कॉर्मॅक चॅपेलचा (११३४) प्रभाव दिसतो. लांबीच्या भिंती दोन्ही टोकांना थोड्या पुढे आलेल्या आहेत. जुन्या लाकडी चर्चच्या बांधणीचे हे दगडी अनुकरण मानतात. छतही दगडीच होते. त्याचा थोडाच भाग उरला आहे. वेदीकडील भाग नंतर वाढविण्यात आला.

राथ ब्रेसलच्या धर्मसभेने (११११) आयर्लंडमध्ये बिशपांची क्षेत्रे आखल्यानंतर पॅरिशव्यवस्था क्रमाक्रमाने रुजली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर देशभरातील पॅरिश-चर्चे व त्यांचे उत्पन्न राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चकडे गेले. बहुसंख्य प्रजा मात्र कॅथलिकच राहिली. परिणामी कॅथलिक शेतकऱ्यांना परक्या चर्चसाठी दशमांश कर द्यावा लागे, तर उपासकांअभावी अनेक ग्रामीण चर्चे ओस पडली. १८६९ च्या कायद्याने या चर्चचा राजमान्य दर्जा संपुष्टात आणला (अंमल १८७१).

चर्चे भग्न झाली, तरी पॅरिशच्या जुन्या सीमा जमिनीची मोजदाद, करआकारणी व जनगणना यांसाठी एकोणिसाव्या शतकातही उपयोगात राहिल्या. भग्न चर्चभोवती आप्तांचे दफन करण्याची प्रथाही ग्रामस्थांनी सोडली नाही. त्यामुळे किलमाल्केडरसारखे अवशेष केवळ वास्तुकलेचे नमुने नसून, उपासनास्थळ हातचे गेल्यावरही पूर्वजांच्या भूमीशी नाते राखणाऱ्या समाजाची साक्ष देतात.