उद्योजकता शिकवितां येते काय?

घरांतील तरुण इंजिनियरिंगची परीक्षा उत्तीर्ण झाला, कीं पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. अशा वेळीं पदवीधरानें स्वतःचा धंदा काढण्याची गोष्ट बोलून दाखविली, तर वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडते. आणि ती अगदींच निराधार नसते. बुडालेल्या धंद्याचें ओझें एकट्या तरुणावर पडत नाहीं, तें सबंध घरावर पडतें. म्हणूनच इंजिनियरिंगच्या महाविद्यालयांतून उद्योजकता हा विषय शिकविला जातो, तेव्हां ही विद्या खरोखर शिकवितां येते काय, आणि येत असल्यास तिच्यांत काय शिकवावें, हा प्रश्न घरोघरच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

इंजिनियरिंगच्या वर्गांत विद्यार्थ्यापुढें प्रश्न तयार मांडलेला असतो. पूल किती भार सोसेल, पंप किती उंचीवर पाणी चढवील, हें गणितानें काढावयाचें असतें. धंद्यांत प्रश्न कोणी मांडून देत नाहीं. लोकांचें कोठें अडतें आणि ती अडचण दूर होण्यासाठीं ते किती पैसे मोजतील, हें स्वतःच शोधावें लागतें. नांगर मजबूत आहे कीं नाहीं हें कारखान्यांत ठरतें. तो विकला जाईल कीं नाहीं हें शेताच्या बांधावर ठरतें.

हें लक्ष्मणराव किर्लोस्करांइतकें दुसऱ्या कोणाला क्वचितच उमगलें असेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवास आले. बंधु रामूअण्णांबरोबर सायकलींचा व्यापार, मग कडबा कापण्याचें यंत्र, आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर, असा त्यांचा क्रम आहे. नांगरांत दोष नव्हता. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. ही अडचण कोणत्याही नकाशांत दिसण्यासारखी नव्हती. लक्ष्मणराव टिकून राहिले, म्हणून १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

परंतु दोन वर्षें धीर धरण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. हा अनुभव थोड्या दिवसांत आणि थोड्या खर्चांत विद्यार्थ्याला कसा द्यावा, हाच या शिक्षणाचा गाभा होय. २०११ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इंजिनियरिंग विभागांत स्टीव्ह ब्लँक या उद्योजकानें असा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें ती पद्धति प्रयोगशाळांतील संशोधकांसाठीं स्वीकारली. सुमारें सात आठवड्यांत शंभर संभाव्य गिऱ्हाइकांची गांठ घ्यावयाची, आणि प्रत्येक भेटीनंतर आपली कल्पना तपासून पाहावयाची, असा तिचा दंडक आहे.

विचारणें हीहि एक कला आहे. समजा, कांद्याच्या चाळींतील ओलावा दाखविणारें एक यंत्र विद्यार्थ्यांनीं बनविलें. 'हें आपल्याला आवडेल काय?' असें विचारल्यास शेतकरी भिडेखातर होकारच देईल. त्याऐवजीं 'गेल्या वर्षीं किती कांदा सडला? तो वांचविण्यासाठीं काय केलें? त्याला खर्च किती आला?' असें विचारलें, म्हणजे खरी गोष्ट बाहेर पडते. त्यापुढें साधा हिशेब यावा. यंत्र ५,००० रुपयांना विकलें आणि तें बनविण्यास ३,५०० रुपये लागले, तर एका यंत्रामागें १,५०० रुपये उरतात. जागाभाडें, पगार वगैरे महिन्याचा ठाम खर्च ६०,००० रुपये असेल, तर दरमहा चाळीस यंत्रें खपल्यावांचून एक पैसाहि नफा नाहीं. अवघड समीकरणें सोडविणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांनीं हें सोपें गणित कधींच मांडलेलें नसतें.

हिंदुस्थानांतहि या शिक्षणाची सोय झालेली आहे. १९८३ सालीं अहमदाबादेस उद्योजकता विकासाची स्वतंत्र संस्था निघाली, आणि मुंबईच्या आय. आय. टी.नें २००४ सालीं नवोदित उद्योगांना आश्रय देणारें केंद्र उघडलें. मात्र केवळ व्याख्यानें आणि बक्षिसांच्या स्पर्धा यांनीं हें काम भागत नाहीं. पोहणें जसें पाण्यांत उतरून, तसा धंदा बाजारांत उतरूनच शिकावा लागतो.

प्रत्येक इंजिनियरनें कारखाना काढावा, हा या शिक्षणाचा हेतु नव्हे. घर गहाण पडण्यापूर्वीं चूक कळावी, हा त्याचा मोठा लाभ आहे. शंभर माणसांना भेटून ज्या विद्यार्थ्यानें आपली कल्पना सोडून दिली, तो नापास झाला असें समजूं नये. त्याला पूर्ण गुण द्यावे. आणि उद्यां घरांतील तरुण धंद्याची गोष्ट काढील, तेव्हां वडील मंडळींनींहि 'नोकरी कां नको?' असें विचारण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: 'किती गिऱ्हाइकांना भेटलास?' आणि 'किती नुकसान झालें म्हणजे थांबावयाचें, हें ठरविलें आहेस काय?' दोहोंचीं उत्तरें तयार असलीं, तर कपाळावरची आठी थोडी सैल करावयास हरकत नाहीं.