वाळूत लिहिलेला हिमालय

तुमच्या वर्गाच्या वह्या टेबलावर एकावर एक रचून ठेवल्या आहेत, असे समजा. गुरुजी सर्वांत वरची वही उचलतात, तपासतात आणि दुसऱ्या टेबलावर ठेवतात. मग तिच्या खालची वही उचलतात आणि पहिल्या वहीवर ठेवतात. सगळ्या वह्या तपासून झाल्यावर दुसरा ढीग कसा दिसेल? अगदी उलटा! जी वही वर होती, ती तळाशी गेलेली असेल.

हिमालयाचेही असेच झाले आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडला आणि तेथील जमीन हळूहळू उचलली जाऊ लागली. पर्वत वर येत होता, त्याच वेळी पाऊस, बर्फ आणि नद्या त्याला झिजवत होत्या. आज आपण पाहतो तो उरलेला हिमालय आहे. बाकीचा केव्हा आणि किती वेगाने झिजला? हे पाहायला त्या वेळी माणूस नव्हता.

पण झिजलेला दगड नाहीसा होत नाही. त्याची वाळू होते, गाळ होतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा आजही दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ वाहून आणतात. पूर्वीचा काही गाळ पायथ्याशीच साचला आणि त्याच्या थरांपासून शिवालिकच्या टेकड्या बनल्या. पुष्कळसा गाळ बंगालच्या उपसागरात गेला. तेथे समुद्राच्या तळावर तो पंख्यासारखा सुमारे ३००० किलोमीटरपर्यंत पसरला आहे.

हाच आपला दुसरा ढीग. पर्वताच्या माथ्याचे कण त्याच्या तळाशी आणि पोटातले कण वरच्या थरांत! पण कोणता कण खोलवरचा, हे कसे ओळखायचे? खनिजांवरून. चिखलापासून बनलेला खडक जमिनीत खोल दाबला गेला आणि तापला, की त्यात नवी खनिजे तयार होतात. आधी गार्नेट, मग कायनाइट आणि उष्णता आणखी वाढली की सिलिमनाइट. (कायनाइट आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडते. भट्टीच्या विटा बनवायला ते वापरतात.) हिमालयाच्या पायथ्याच्या थरांत खालून वर जाताना ही खनिजे साधारणपणे याच क्रमाने दिसू लागतात.

क्रम कळला, पण वेग? तो सांगतो वाळूत चमकणारा अभ्रक. अभ्रकात पोटॅशियम असते. त्यातील थोड्या भागाचे अतिशय सावकाश अरगॉन वायूत रूपांतर होते. खडक फार गरम असेपर्यंत हा वायू निसटून जातो. खडक वर येऊन सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला, की वायू आत साठू लागतो. जणू घड्याळ सुरू होते! साठलेला अरगॉन मोजला, की खडक थंड झाल्याला किती वर्षे झाली ते कळते. गाळाच्या थराचे वय त्यातील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून ठरवतात.

आता एक उदाहरण सोडवू. अभ्रकाचे वय २ कोटी वर्षे आणि थराचे वय १ कोटी ८० लाख वर्षे आहे, असे माना. फरक २० लाख वर्षांचा. एवढ्या काळात तो खडक १० किलोमीटर खोलीवरून पृष्ठभागावर आला असेल, तर त्याचा वेग वर्षाला ५ मिलिमीटर होतो. मात्र येथे एक चूक पुष्कळजण करतात. खडक ५ मिलिमीटर वर आला, म्हणजे शिखर तेवढे उंच झाले असे नाही. वरून झीज होत असते, म्हणूनच तर खालचा खडक उघडा पडतो.

१९८७ साली विषुववृत्ताजवळ समुद्राच्या तळाला छिद्रे पाडून या पंख्याचा गाळ काढला गेला. त्यातील अभ्रकाचे काही कण जवळजवळ थराच्याच वयाचे निघाले! म्हणजे खडक वर येणे, झिजणे आणि समुद्रापर्यंत वाहत जाणे हे सारे फार झपाट्याने झाले होते. तेही १ कोटी वर्षांहून पूर्वी.

पुढे २०१५ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने श्रीलंकेच्या पूर्वेकडे सात ठिकाणी छिद्रे घेतली. तेथे पाणीच साडेतीन किलोमीटरहून खोल आहे. त्याखाली गाळात सर्वांत खोल छिद्र ११०० मीटरहून अधिक गेले. उत्तरेला, बांगलादेशाच्या बाजूला, गाळाची जाडी १६ किलोमीटरच्याही पुढे जाते. तेथील तळाच्या थरापर्यंत अजून कोणतेही छिद्र पोहोचलेले नाही.