राजा आहे, पण राज्य कोणाचं?



गेल्या महिन्यात आमच्या घरच्या मंडळींनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. कौन्सिलच्या हॉलमध्ये समारंभ होता, भिंतीवर राजाची तसबीर होती आणि नंतर चहा-बिस्किटं. शपथ होती राजे चार्ल्स तिसरे आणि त्यांच्या वारसांशी निष्ठा राखण्याची. परतताना गाडीत आमची अकरा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, आईने राजाची शपथ घेतली. मग ब्रिटन मोनार्की आहे की डेमोक्रसी? शाळेत तर दोन्ही सांगतात."

मी म्हटलं, "दोन्ही." तिचा चेहरा अगदी माझ्या क्लायंटसारखा झाला. म्हणजे उत्तर मिळालं, पण समाधान नाही. आजचा कार्यक्रम त्या उत्तराचा पुढचा भाग आहे.

गोंधळ होतो कारण आपण दोन वेगळे प्रश्न एकात घालतो. पहिला प्रश्न, देशाच्या प्रमुखपदी माणूस येतो कसा? जन्माने आला तर राजेशाही, निवडून आला तर प्रजासत्ताक. दुसरा प्रश्न, खरी सत्ता कोणाच्या हातात आहे, आणि लोक ती काढून घेऊ शकतात का? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पाटीवर कोणाचं नाव आहे हे एक, आणि अ‍ॅडमिन राइट्स कोणाकडे आहेत हे दुसरं. ब्रिटनमध्ये पाटी राजाची आणि राइट्स संसदेचे. सौदी अरेबियात पाटी राजाची आणि राइट्सही राजाचेच. उत्तर कोरियाच्या नावात 'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही शब्द आहेत, पण तिथे सत्ता आजोबांकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. नुसती पाटी वाचून काही कळत नाही.

ब्रिटननेही एकदा पाटी बदलून पाहिली होती. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला आणि देश प्रजासत्ताक झाला. पण थोड्याच वर्षांत सगळी सत्ता क्रॉमवेल आणि त्याच्या सैन्याकडे गेली. १६६० मध्ये लोकांनी राजाला परत बोलावलं. पुढे राजाला ठेवून त्याचे अधिकार काढून घ्यायचा मार्ग इंग्रजांनी धरला. १७०८ नंतर एकाही राजाने किंवा राणीने संसदेने मंजूर केलेलं विधेयक नाकारलेलं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट सांगतो. ती मला स्वतःला फार उशिरा कळली. आजचा सातारा जिल्हा, तिथलं औंध हे जेमतेम ७२ गावांचं संस्थान. राजे होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि औंधचं चित्रसंग्रहालय उभं करणारे तेच. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरशी पडली आणि कल्पना निघाली की राजाने आपली सत्ता प्रजेला देऊन टाकावी. गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधचं स्वराज्य-संविधान लागू झालं. गावपंचायत हा पाया, तिच्यावर तालुका आणि त्यावर संस्थानची सभा, अशी रचना होती. राजे राजेच राहिले, पण कारभार लोकांच्या प्रतिनिधींकडे गेला.

इथे एक गंमत आहे. औंधच्या राजाने आपले राइट्स सोडले, तरी त्यांच्या वरचे राइट्स ब्रिटिश सरकारकडेच होते. स्वतःच्या देशात राजाला सहीपुरतं ठेवणारी लंडनची संसद हिंदुस्थानात मात्र कोणी निवडून न दिलेली सत्ता चालवत होती. म्हणून 'तो देश लोकशाही आहे' असं कोणी म्हणालं की 'कोणासाठी?' असंही विचारावं. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झालं. आप्पासाहेब पुढे भारताचे उच्चायुक्त म्हणून याच लंडनमध्ये राहिले. औंधच्याच आटपाडी भागात स्वतंत्रपूरची खुली कैदी-वसाहतही निघाली. 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा तीच.

आता तिसरा मुद्दा, अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींतला फरक. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी येतो. मधेच काढायचा तर महाभियोग लागतो आणि ते फार अवघड आहे. ब्रिटनमध्ये आणि भारतात पंतप्रधान खालच्या सभागृहाच्या विश्वासावर उभा असतो. २०२२ मध्ये आपण इथे एका वर्षात जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान पाहिले, तेही सार्वत्रिक निवडणूक न होता. माझे अमेरिकेतले मित्र तेव्हा विचारत होते, "अरे, तुमच्याकडे चाललंय काय?" पद्धत ठरल्याप्रमाणे काम करत होती, इतकंच.

भारतासाठी यातलं काय निवडायचं, यावर डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत फार नेमकं मांडलं. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. संसदेत सरकारची झडती रोज होते, प्रश्नांतून आणि ठरावांतून, पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही. विद्यार्थी म्हणून ते १९२१-२२ मध्ये लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. मुलांना एकदा जरूर न्या.

मात्र बाबासाहेबांनी ब्रिटनची नक्कल केली नाही. इथे एका पुस्तकात बांधलेली घटना नाही, आणि संसद काय वाटेल तो कायदा करू शकते असं तत्त्व आहे. भारतात घटना लेखी आहे, राष्ट्रपती खासदार-आमदारांनी निवडलेला असतो, आणि घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ठरवलं. इथलं सरकार मोकाट असतं असा याचा अर्थ नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी संसद स्थगित करायला लावली, तेव्हा ११ न्यायमूर्तींनी एकमताने ते बेकायदा ठरवलं.

एवढं सगळं लेकीला सांगून झालं. तिने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही कोणाला मत दिलं?"

मंडळी, मी बारा वर्षं या देशात आहे आणि एकदाही मत दिलेलं नाही. माझा पासपोर्ट भारतीय, म्हणजे मला हक्क नाही, असं मी गृहीत धरलं होतं. कौन्सिलची पत्रं यायची, मी ती रिसायकलिंगमध्ये टाकायचो. खरी गोष्ट अशी आहे की कॉमनवेल्थ देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहत असेल आणि वयाची अट पूर्ण करत असेल, तर त्याला संसदेच्या आणि कौन्सिलच्या दोन्ही निवडणुकांत मत आहे. भारतीय पासपोर्ट असलेले आपण सगळे त्यात येतो, वर्क व्हिसावरचे आणि शिकायला आलेलेही. नागरिकत्वासाठी थांबायची गरज नाही. नाव मात्र आपणहून नोंदवावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन फॉर्म आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र मागितलं, तर भारतीय पासपोर्ट चालतो.

आणि भारतातलं मत? पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशस्थ मतदार म्हणून तिकडे नाव नोंदवता येतं, पण मतदानाला स्वतः आपल्या मतदारसंघात हजर राहावं लागतं. ओसीआय कार्डावर मत नाही. म्हणजे आमच्या घरी आता बायकोला एकाच देशात मत आहे आणि मला, विमानाचं तिकीट काढलं तर, दोन देशांत.

फॉर्म मी त्याच रात्री भरला. लेक शेजारी बसून स्पेलिंग तपासत होती. माझं आडनाव ती दोनदा चुकली. भेटू पुढच्या भागात, नमस्कार.