टीव्हीचा आवाज मोठा, तरी संवाद का कळत नाहीत?

रात्री मालिका लागली की बहुतेक घरांत दोन वाक्यं ठरलेली असतात. आजी म्हणते, "आवाज वाढव रे जरा, काय बोलतायत काही कळत नाहीये." आणि आतल्या खोलीतून नातू ओरडतो, "अगं आजी, केवढा मोठा केलायस!" दोघंही खरंच सांगत असतात. आवाज मोठा असणं वेगळं आणि बोलणं समजणं वेगळं. टीव्हीच्या आवाजाबद्दलचे बरेचसे गैरसमज या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे होतात.

सगळ्यात पक्का समज आकड्याचा आहे. 'जुना टीव्ही १५वर दणदणीत ऐकू यायचा, नवा ३०वर ठेवावा लागतो, म्हणजे नवा कमजोर.' पण पडद्यावरचा आकडा हे कसलंच माप नाही. कोणत्या पायरीला किती आवाज सोडायचा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. शिवाय सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज वेगळाच असतो. बॉक्स अर्ध्याच्या खाली आणि टीव्ही जवळजवळ शेवटाला, अशी जोडी कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालू असते. मग कुणी टीव्हीतच यूट्यूब लावलं की घर दणाणतं, कारण तिथे बॉक्सचा लगाम नसतो. बॉक्सचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि रोजचं कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करावं.

दुकानात वॅटचा आकडा सांगतात. २० वॅटच्या जागी ४० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होईल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. त्यापेक्षा स्पीकरचं तोंड कुठे आहे ते विचारा. चपट्या टीव्हीत ते बहुधा खाली किंवा मागे असतं, त्यामुळे आवाज टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटून आपल्यापर्यंत येतो. समोर गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर तो घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदे आणि एखादी सतरंजी यांनी खरोखर फरक पडतो.

'बोलणं पुटपुटल्यासारखं आणि संगीत कानठळ्या बसवणारं, म्हणजे स्पीकर गेला' हाही असाच समज. स्पीकर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बरेच चित्रपट आणि वेबमालिका ५.१ पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेल्या असतात, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी आणखी एक. त्यात पात्रांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतं. आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच. सगळं त्या दोनांत कोंबलं गेलं की पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत आणि संवाद एकाच जागेसाठी भांडतात. काही जोडण्यांत तर मधला भाग नीट मिसळलाच जात नाही आणि माणसं नुसते ओठ हलवताना दिसतात. यावर उपाय फुकटचा आहे. सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' निवडा. ॲपमध्ये भाषेच्या यादीत ५.१ लिहिलेला पर्याय असेल तर तो सोडून साध्या भाषेचा घ्या. टीव्हीच्या साउंड मेनूत 'मूव्ही'ऐवजी 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'न्यूज' अशा नावाचा पर्याय लावून पाहा आणि बेस दोन-चार पायऱ्या उतरवा. 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' हळू आणि मोठ्या आवाजातली दरी कमी करतो. अमुक इतक्या हजारांचा साउंडबार आणण्याआधी ही दहा मिनिटं द्यावीतच, असं मी आग्रहाने सांगेन.

जाहिरात लागली की आवाज वाढतो, हा मात्र निव्वळ भास नव्हे. जाहिरातीचा सर्वांत मोठा क्षण कार्यक्रमातल्या मोठ्या क्षणाएवढाच असू शकतो. फरक असा की तिच्यात हळू क्षण जवळजवळ ठेवतच नाहीत, सगळं दाबून एकाच वरच्या पातळीला आणतात. अमेरिकेत याविरुद्ध २०१० साली कायदा झाला आणि डिसेंबर २०१२पासून तो लागू आहे. आपल्याकडेही केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतल्या जाहिरातसंहितेत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलेलं आहे. नियम आहे, अंमलबजावणी कानाला जाणवत नाही.

आवाज अजिबातच येत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी टीव्हीच्या मागे डोकवा. हेडफोनच्या भोकात एखादी पिन अडकलेली असते, किंवा टीव्ही कुणाच्या तरी ब्लूटूथ इयरफोनला जोडलेला राहिलेला असतो. आवाज आपोआप वाढत असेल तर रिमोटचं किंवा टीव्हीवरचं बटण दबून राहिलेलं असू शकतं. रिमोटचे सेल काढून पाहिलं की कळतं. आणि कुणीतरी मधेच 'ती दार उघडते' असं सांगत असेल तर तो बिघाड नाही. ते दृष्टिहीनांसाठीचं ध्वनिवर्णन आहे, मेनूतून बंद होतं.

आता पुन्हा आजीकडे. वय वाढलं की ऐकणं सगळ्याच स्वरांत सारखं कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि क, त, थ, स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख तिथेच असते. खाट, ताट, पाट, थाट हे शब्द घ्या. पहिलं व्यंजन पुसट झालं की उरतं नुसतं 'आट'. आवाज वाढवला की ते 'आट' मोठं होतं, शब्द कळत नाही. म्हणून 'ऐकू येतं, पण समजत नाही' ही तक्रार हट्टाची किंवा लक्ष नसल्याची नाही. तिच्यावर चिडणं अन्यायाचं आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावं. कधीकधी कानातला मळ काढूनच काम होतं, नाहीतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही ही तपासणी होते. श्रवणयंत्र लागलंच तर आजकालची बरीच यंत्रं टीव्हीचा आवाज थेट कानात घेतात. तोवर मेनूत पाहा: काही टीव्हींमध्ये स्पीकर आणि हेडफोन एकाच वेळी चालतात आणि दोघांचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो. मग आजीला तिचा आवाज तिच्या कानात मिळतो आणि आतल्या खोलीत नातवाचा अभ्यासही चालू राहतो.